पाळक, वडील, अधीन: गटातून बाहेर पडल्यावर या शब्दांचं काय करायचं?

रंकाळावेस

कोल्हापूर, मिरज, सांगली भागातल्या मराठी ख्रिस्ती वाचकांसाठी एक छोटी शब्दपुस्तिका करायचं चाललंय. वाचक म्हणजे एकाच पुढाऱ्याच्या मुठीतल्या प्रार्थनागटातून बाहेर पडलेली, पण देवावरचा विश्वास न सोडलेली माणसं. अशा गटांत लग्न कुणाशी, नोकरी कुठं, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं 'पाळकांना विचारून', म्हणजे पास्टरला विचारून, ठरतं. बाहेर पडल्यावर साध्या उपासनेतसुद्धा 'अधीन', 'वडील' (चर्चचे एल्डर), 'अभिषिक्त' (देवानं निवडलेला) हे शब्द कानावर आले की पोटात गोळा येतो.

प्रश्न तीन. हे शब्द टाकून नवे घ्यावेत का? 'कव्हरिंग' (पुढाऱ्याच्या परवानगीत राहिलं तरच देवाचं संरक्षण, ही शिकवण) आणि 'स्पिरिच्युअल अब्यूज' (विश्वासाच्या नावाखाली होणारा गैरवापर) यांना मराठी काय? आणि गट सोडलेल्याला काय म्हणावं? 'मागे फिरलेला' नको, तो गटाचाच शब्द आहे.

ळकार

टाकू नका. टाकले तर ते कायमचे त्या गटाच्या मालकीचे होतील. उलट त्यांची मराठी नाती वाचकाला दाखवा, निम्मं काम भाषाच करते.

'पाळक' घ्या. पाळणे या क्रियापदातून 'पाळीव' निघतो आणि 'पाळत'ही निघतो. राखण करणाराही पाळक आणि नजर ठेवणारी ती पाळत, अंतर एका अक्षराचं. मोबाइल तपासणं, कोण कुणाच्या घरी गेलं याची रोज चौकशी करणं, एकाचं बोलणं दुसऱ्याकडून काढून घेणं, याला पाळकीय काळजी म्हणत असतील तर पुस्तिकेत सरळ 'पाळत' लिहा. मराठी माणसाला लगेच कळतं.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात मराठीत दोन फार नेमके शब्द आलेत: 'धनीपण' आणि 'कित्ते'. लोकांवर धनीपण करू नका, कळपाला कित्ते व्हा. कित्ता म्हणजे वळणदार अक्षरांचा नमुना. तो वर छापलेला असतो आणि मूल खाली आपल्या हातानं गिरवतं. कित्ता मुलाचा हात धरत नाही. शिवाय तिथं कळप देवाचा म्हटलाय. म्हणजे धनी दुसराच आहे आणि पाळक हा राखणदार. सगळी मेख या एका फरकात आहे.

करवीरकर

'वडील'बद्दल. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचं मिशन १८७० मध्ये प्रेसबिटेरियन बोर्डाकडं गेलं, तेव्हापासून इकडच्या जुन्या मंडळ्यांवर (स्थानिक चर्चवर) प्रेसबिटेरियन वळण आहे. ते नावच 'वडील' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. त्या पद्धतीत वडील निवडून येतात, अनेक असतात आणि एकत्र बसून ठराव करतात. पाळक त्या बैठकीत असतो, पण बैठक म्हणजे एकटा पाळक नव्हे. पुढे १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ही धारा आणि बिशपांची धारा एकत्र आली.

आता मराठीची गोची बघा. 'वडील म्हणाले.' किती जण म्हणाले? एक की पाच? आदरार्थी बहुवचनामुळं एकट्या माणसाची मर्जी कानाला मंडळाचा निर्णय वाटते. त्यातून घरात बापालाही आपण वडीलच म्हणतो, म्हणजे उलट बोलायची सोयच नाही. प्रेषितांची कृत्ये १४:२३ आणि तीताला पत्र १:५, दोन्ही ठिकाणी वडील खरोखरच अनेकवचनी आहेत: प्रत्येक मंडळीत, प्रत्येक नगरात अनेक. मराठी वाचताना ते सटकतं.

म्हणून पुस्तिकेत 'वडील' एकटा छापू नका. 'वडील-मंडळ' किंवा 'पाचही वडील' असं आकड्यासकट लिहा. नव्या मंडळीत जाऊन बघणाऱ्याला विचारायचा प्रश्नही त्यातूनच मिळतो: वडील किती आहेत, निवडले कुणी, मुदत किती, आणि मागच्या वर्षभरात पाळकांचा एखादा प्रस्ताव त्यांनी नाकारलाय का? शेवटच्या प्रश्नाला 'आमच्यात सगळं एकमतानंच होतं' असं उत्तर आलं की सावध व्हावं.

पंचगंगा_घाट

'कव्हरिंग'चा माग सांगतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथं बॉब मम्फर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर या पाच शिक्षकांभोवती 'शेफर्डिंग' चळवळ उभी राहिली. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वर एक मेंढपाळ, त्या मेंढपाळाच्या वर आणखी एक, आणि खाजगी निर्णयालाही वरच्याची संमती. १९७५ पासूनच इतर पुढाऱ्यांनी उघड हरकत घेतली. मम्फर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली. चळवळ विरली, शब्द मात्र प्रवचनांतून जगभर गेला.

बायबलातलं 'आच्छादन' म्हणाल तर करिंथकरांना पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायाचा पहिला भाग डोक्यावरच्या आच्छादनाबद्दल आहे. माणसाच्या डोक्यावर दुसरा माणूस आच्छादन म्हणून बसवायची कल्पना त्यात नाही.

'छत्रछाया' असा अनुवाद काही जण करतात. कोल्हापुरात तरी हा शब्द जपून वापरावा. छत्र राजाच्या डोक्यावर धरतात, आणि धरणारा असतो चाकर. या गटांतही तसंच होतं: नाव तुमच्या संरक्षणाचं, सावली पुढाऱ्यावर. माझं मत, 'कव्हरिंग' देवनागरीत तसाच ठेवा, कारण लोकांनी तोच ऐकलाय. खुलाशात लिहा: 'ज्या पुढाऱ्याची परवानगी नसेल तर देवाचं संरक्षण उठतं असं सांगितलं जातं, त्याचा वरचष्मा.' वरचष्मा हा अस्सल शब्द आपल्याकडं असताना नवा कशाला घडवायचा?

जुना_कित्ता

'अब्यूज'साठी 'छळ' नको. मराठी ख्रिस्ती कानाला छळ म्हणजे विश्वासापायी सोसलेला त्रास. हे गट टीका झाली रे झाली की 'आमचा छळ होतोय' म्हणतात, म्हणजे शब्द आधीच त्यांनी अडवून ठेवलाय. 'शोषण' चालेल, पण पुस्तकी वाटतो. 'पिळवणूक' घ्या. इकडं गुऱ्हाळ न पाहिलेला माणूस विरळा. ऊस चरकातून काढला, रस काहिलीत गेला की चिपाड वाळवून त्याच काहिलीखाली जाळायला घालतात. दशमांश देऊन झाल्यावर रविवारची सतरंजी घालण्यापासून पुढाऱ्याच्या घरच्या धुण्याभांड्यांपर्यंतची 'सेवा' याच जातीची.

दशमांशाचं (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचं) मूळही छापा. मलाखी ३:१०, 'सगळा दशमांश भांडारात आणा', सगळ्यांना पाठ असतं. अनुवाद १४:२२-२९ कुणी वाचून दाखवत नाही. तिथं दशमांश देणाऱ्यानं स्वतः कुटुंबासह देवासमोर खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षाचा लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे.

ळकार

आता 'अधीन'. इब्री १३:१७ हे या गटांचं हुकमी वचन. मराठीत 'आज्ञेत राहा' असं येतं. तिथलं ग्रीक क्रियापद 'पेइथो' आहे आणि त्याचा मूळ अर्थ पटवणे. या रूपात पटणे, पटल्यावर ऐकणे. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं (इफिस ६:१) म्हणताना पौल वेगळं क्रियापद वापरतो. मात्र इब्रीच्या त्याच वचनातलं दुसरं क्रियापद नमतं घेणे असंच आहे, ते लपवू नका. अर्धा अर्थ दडवणं ही त्या गटांची खोड, ती आपल्याला नको. पुढचा भाग ठळक छापा: पुढारी जिवांची 'राखण' करतात आणि त्यांना 'हिशोब' द्यायचा आहे. हिशोब त्यांनी द्यायचा, तुम्ही नव्हे.

इफिस ५:२१ मध्ये 'एकमेकांच्या' अधीन आहे. याकोब ५:१६ मध्ये पापं 'एकमेकांजवळ' कबूल करायची आहेत. गटात हा 'एकमेकां' हळूच गळतो. तुम्ही सांगायचं, त्यांनी ऐकायचं, आणि महिन्याभरानं तेच प्रवचनात दाखला म्हणून येतं.

गुजरी_गल्ली

'अभिषिक्ताला हात लावू नका' यावर एक नोंद हवीच. स्तोत्र १०५:१५ अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. मूठभर परके लोक देशोदेशी भटकत होते आणि राजांना तंबी दिली गेली की यांना त्रास देऊ नका. म्हणजे वचन दुबळ्यांच्या बाजूनं बलवानांना सांगितलंय. वापर नेमका उलटा होतो.

दुसरा दाखला दावीद आणि शौलाचा, १ शमुवेल २४. दावीद शौलाला मारत नाही हे खरं. पण गुहेबाहेर येऊन झग्याचा कापलेला काठ हातात धरून सगळ्यांदेखत जाब विचारतो. आणि अध्यायाचा शेवट बघा: शौल रडतो, चूक कबूल करतो, घरी जातो. दावीद त्याच्याबरोबर जात नाही, गडावर जातो. 'क्षमा' आणि 'समेट' या दोन नोंदी वेगळ्या का ठेवायच्या, ते या शेवटात दिसतं. मत्तय ५:२४ मधला समेटही बघा, तिथं वेदीपाशी अर्पण ठेवून उठायचंय ते ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे त्यानं. ज्याला लागलंय त्याला 'कटुता सोड' म्हणायचं वचन ते नाही.

जोडीला 'दिलगिरी'. 'कुणाचं मन दुखावलं असेल तर दिलगीर आहोत.' दिलगिरीत वाईट वाटणं आहे, चूक मान्य करणं नाही. त्यात 'असेल तर' आलं म्हणजे संपलंच. जक्कयानं (लूक १९:८) आकडा सांगितला होता, चौपट.

करवीरकर

हिशोबाचा विषय निघालाच आहे तर 'विश्वस्त' विसरू नका. विश्वास आणि विश्वस्त एकाच घरचे. महाराष्ट्रात धार्मिक न्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदतात. धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ ची नक्कल मागता येते. त्यात विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि कारभाराची पद्धत असते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा. सर्रास चुकतं ते असं: परिशिष्टावर निवर्तलेल्यांची नावं तशीच, आणि कारभार बघणाऱ्यांचं नाव कुठंच नाही.

त्याहून सोपी तपासणी दारातच होते. अर्पणाचा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे पाठवू नका, फक्त नाव बघा. न्यासाचं नाव आलं तर ठीक. पाळकांचं, त्यांच्या पत्नीचं किंवा मेव्हण्याचं आलं तर 'विश्वस्त' हा शब्द तिथं लागू नाही.

रंकाळावेस

करवीरकर सर, हे जसंच्या तसं घेते. 'वाळीत टाकणे' याची नोंद 'शिस्त'खाली द्यावी का?

करवीरकर

नको ताई, स्वतंत्र द्या. मंडळीची शिस्त म्हणजे फार तर प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणं, तेही दोघातिघांसमोर ऐकून घेतल्यावर. घरच्यांना बोलू न देणं, दुकानात जाऊ नका सांगणं, मयताला येऊ न देणं हा सामाजिक बहिष्कार. १९४९ चा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द केला होता. आताचा २०१६ चा महाराष्ट्राचा अधिनियम जुलै २०१७ पासून लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातली 'समाज'ची व्याख्या जातीपुरती नाही, धर्मांतरानं किंवा धार्मिक विधीनं जोडलेला गटही तीत येतो. तक्रार पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडं करता येते. तारीख, वार, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा. 'सगळे टाळतात' एवढ्यावर काही उभं राहत नाही.

आणि एक. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल तर 'आधी भावाला एकांतात सांग' हे मत्तय १८ तिथं लावू नये. पोक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पुस्तिकेत चौकटीत टाका.

पंचगंगा_घाट

मूळ प्रश्नाच्या तळाशी जाऊ. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ साली विचार-नियंत्रणाची आठ लक्षणं मांडली, त्यांतलं एक भाषेबद्दल आहे: ठरावीक शब्द असे लादायचे की विचार तिथंच थांबतो. याला मराठीत 'भारलेली भाषा' म्हणावं. भार टाकलेलीही आणि मंत्रानं भारलेलीही. 'बंडखोर आत्मा', 'कटुतेचं मूळ' हे तसले शब्द. शंका विचारली की यातला एक अंगावर टाकायचा, संपलं. भारलेलं पाणी साधंच असतं, उतारा म्हणजे त्याला साधं नाव देणं. 'बंडखोर' ऐवजी 'नाही म्हणाली'.

जुना_कित्ता

तालमीत वस्तादही काय खायचं, कधी झोपायचं ते सांगतो, मग फरक काय, असं कुणीतरी विचारणारच. फरक असा की पट्ठ्याचा जोर वाढला की नाव वस्तादाचंच होतं, आणि मैदानात लढतो तो पट्ठा एकटा. पट्ठा कायम कच्चा राहावा यातच ज्याचा फायदा, तो वस्ताद कसला?

गुजरी_गल्ली

गट सोडलेल्याला काय म्हणावं हे राहिलंच. 'पंथत्यागी' जड आहे, आणि 'पंथ' हा काही वाईट शब्दही नाही. प्रेषितांची कृत्ये २४ मध्ये ख्रिस्ती लोकांवरच पंथ म्हणून ठपका ठेवलाय. 'पाखंड' तर अशोकाच्या शिलालेखांत साधा संप्रदाय या अर्थानं येतो, शिवी तो नंतर झाला.

आपल्याकडं पूर्वसुरी आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही, असं त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरना कळवलं आणि शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तमेळा मांडला. या दोघांना कुणी मागे फिरलेले म्हणत नाही.

मला 'पारखणारे' सुचतो. १ थेस्सलनी ५:२१ मध्ये सगळ्याची 'पारख' करून चांगलं ते धरायला सांगितलंय. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, सोनं कसोटीच्या काळ्या दगडावर घासतात, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतात, मग तेजाब लावतात. दोन रेघा शेजारी असल्याशिवाय कस कळत नाही. एकच रेघ बघत राहिलेल्याला हिणकसही शंभर नंबरी वाटतं.

ळकार

'पारखणारे' छान, पण नोंदीचं शीर्षक 'बाहेर पडलेले' ठेवा, लोक तेच शोधतील. आणि रंकाळावेस ताई, छापायच्या आधी 'पालक' शोधून एकेक तपासा. फोनवर लिहिताना 'ळ'चा 'ल' होतो. मग वाक्य 'पालकांना प्रश्न विचारा' असं छापून येतं आणि मंडळी शाळेच्या मीटिंगला गेल्यासारखी वाटते.