कारखाना आधीचा, वस्ती नंतरची. मग वासाची तक्रार करायची की नाही?

वायुवेध
खाद्यपदार्थांच्या कारखान्याबद्दल शेजारच्या वस्तीने तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: आम्ही इथे आधीपासून आहोत आणि वास विषारी नाही. मला हे दोन्ही मुद्दे पटत नाहीत. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची तिच्यापेक्षा गरम राहते, त्यामुळे रात्रपाळीच्या तळणाचा धूर वर न जाता घरांत शिरतो. मळमळ, डोकेदुखी, मोडलेली झोप हा त्रासच आहे. त्यासाठी विष सिद्ध करायची गरज काय?

तळणविभाग
असहमत. "फार वास येतो" एवढ्यावरून कारखान्याने नेमकं काय दुरुस्त करायचं? बहुतेक तक्रारींत वेळ नसते, वाऱ्याची दिशा तर नसतेच. वारा वस्तीकडून कारखान्याकडे वाहत असताना आलेल्या वासाचं खापरही कारखान्यावरच फुटतं. मग दबावाखाली घाईने कोळशाचा फिल्टर बसवला जातो. तेलकट धुराने तो चिकटून बसतो, हवा दमट असली की कोळशाची वास धरण्याची ताकद आणखी घटते. खर्च होतो, वास तसाच राहतो.

वायुवेध
कोळसा बिघडतो तो क्रम चुकल्यामुळे. कढईवर हूड, मग तेलाचे थेंब अडवणारी जाळी किंवा ईएसपी (विजेच्या भाराने धुरातले बारीक कण ओढून घेणारं यंत्र), मग हवा थंड करून तिची वाफ काढणं, आणि कोळसा सगळ्यात शेवटी. "९० टक्के वास काढू" असं आश्वासनही देऊ नये. नाकाला जाणवणारी तीव्रता त्या प्रमाणात उतरत नाही. ९० टक्के काढूनही उरलेला वास स्पष्ट येतो आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

ईटीपीवाला
तुम्ही दोघं चिमणीभोवतीच फिरताय. वास जळक्या तेलाचा नसून सडक्या अंड्यासारखा असेल तर आधी ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, बघा. वीज वाचवायला रात्री इक्वलायझेशन टाकीचा (यात येणारं सांडपाणी आधी साठवून एकसारखं करतात) ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवतात. पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी नाकाला कळतात. ब्लोअर चालू ठेवा, टाकी झाका, झाकणाखालची हवा ओढून बायोफिल्टरला द्या, म्हणजे ओल्या थरातले जिवाणू तिच्यातला वास खातात. लाकडाच्या चिप्सचा साधारण १ मीटरचा थर, ओलावा ४० ते ६० टक्के, आत येणारी हवा ४० अंशांच्या खाली, आणि हवा थरात ३० ते ६० सेकंद राहिली पाहिजे. थर सुकला की भेगा पडतात आणि हवा त्या भेगांतूनच निसटते. बायोफिल्टर "चालत नाही" म्हणतात तिथे बहुधा फक्त पाणी मारलेलं नसतं. आणि ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) पहाटे उघडू नका. दुपारी उघडा, तेव्हा उन्हाने तापलेली हवा वर जाते.

तळणविभाग
ईटीपीचं मान्य. चिमणीचीही एक गोष्ट स्वस्तात होते: तोंडावरची पावसाची टोपी काढा. टोपीमुळे धूर आडवा फुटतो आणि इमारतीमागच्या भोवऱ्यात खाली ओढला जातो. पावसाचं पाणी चिमणीच्या बुडाशी निचरा काढूनही घालवता येतं. पण नोंदवहीशिवाय कारखान्याला दोषी ठरवणं मला अजूनही मान्य नाही. तारीख, वास कधी सुरू झाला, कधी थांबला, वारा कुठून होता, ० ते ६ मध्ये तीव्रता किती, वास कसला. एवढं वस्तीने लिहावं.

वायुवेध
लिहावं, जरूर. पण ती वही नुसती वस्तीकडे असून भागणार नाही. कोणत्या तासाला तळण होतं, ब्लोअर कधी बंद होता, गाळ कधी उपसला, ही कारखान्याची वही शेजारी ठेवल्याशिवाय काहीच जुळणार नाही, आणि ती दाखवायला कारखाने तयार नसतात. "आम्हाला तर वास येत नाही" हा पुरावा धरू नका. दिवसभर आत वावरणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं. कुंपणालगतची फेरी बाहेरून आलेल्या माणसाने करावी, तीही आत पाऊल टाकण्याआधी. सुगंधी फवारे तर बंदच करा. मूळ वास तसाच राहतो, वर दुसऱ्याची भर पडते.