प्रतिसाद: पगाराच्या आधी चाळणी बघा

पगार वाढवला की एआयची माणसं सरकारात येतील, असं म्हटलं जातं; पण हा मुद्दा अर्धाच खरा. अमेरिकेच्या केंद्र सरकारात घोडं त्याआधीच, भरतीच्या चाळणीत, अडत आलंय. वर्षानुवर्षं अर्जासोबत प्रश्नावली यायची. ‘हे काम किती येतं?’ यापुढे उमेदवार स्वतःच ‘तज्ज्ञ’वर टिचकी मारायचा. मग कोडिंगचा गंध नसलेला मनुष्यबळ विभागातला कर्मचारी जाहिरातीतले शब्द बायोडेटात आहेत का, एवढंच ताडून पाहायचा. वाक्यं जशीच्या तशी चिकटवणारा वर, प्रामाणिकपणे ‘मध्यम’ लिहिणारा बाद. शेवटी यादी हातात आली की ज्यांना माणूस हवा ते साहेब बऱ्याचदा कोणालाच न घेता ती परत पाठवायचे!

२०१९ मध्ये यूएस डिजिटल सर्व्हिस (सरकारची तेव्हाची तंत्रज्ञान टीम) आणि ओपीएमने (केंद्र सरकारचं मनुष्यबळ कार्यालय) आरोग्य खातं व नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये वेगळी पद्धत चालवून पाहिली. लागणारी कौशल्यं त्याच कामातले तज्ज्ञ ठरवतात, बायोडेटाही तेच वाचतात, मग फोनवर मुलाखती घेतात. त्यातून तरलेल्यांनाच माजी सैनिकांना भरतीत मिळणारं प्राधान्य वगैरे लागू होतं. यात तज्ज्ञांचे बरेच तास जातात, आणि नेमकं तिथेच खाती कुरकुरतात. म्हणून एका जागेसाठी हा खटाटोप करू नये. एकाच जाहिरातीवर बऱ्याच जागा भराव्यात. उरलेली यादी दुसऱ्या खात्याला देता येते, कायद्यात तशी सोय आहे.