बेसबॉल सामन्यात ऐतिहासिक चेंडू हाती लागला तर काय करावे?

प्रश्न: अमेरिकेतील बेसबॉलपटू डेरेक जीटरच्या ३०००व्या हिटचा (यशस्वी फटक्याचा) चेंडू २०११ साली एका प्रेक्षकाने मोबदला न मागता परत केला, शोहेई ओहतानीच्या हंगामातील ५०व्या होमरनचा (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्याचा) चेंडू मात्र २०२४ साली लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरला गेला. योग्य कोणते?

प्रतिसाद १: विकावा. चेंडू झेलणाऱ्याचा, ही तिथली रूढ प्रथाच आहे. जीटरचा चेंडू परत करणाऱ्याला त्याच्या यँकीज संघाने तिकिटे दिली खरी, पण त्या भेटींवरच कर भरावा लागणार की काय, अशी चर्चा लगेच सुरू झाली!

प्रतिसाद २: आधी मालकी तर ठरू द्या. बॅरी बाँड्सच्या हंगामातील ७३व्या होमरनच्या चेंडूवर दोघांनी हक्क सांगितल्यावर न्यायालयाने तो विकून रक्कम निम्मी-निम्मी वाटण्याचा आदेश दिला, आणि २००३ साली त्याचे साडेचार लाख डॉलरच आले. शिवाय मैदान सोडण्यापूर्वीच, हाच तो चेंडू याची खात्री पटावी म्हणून, तो अधिकृतपणे प्रमाणित करून घ्यावा.