मदत हवी आहे: देवळाच्या फलकासाठी गोव्याच्या वेळा

फोंड्याकडच्या एका देवळाच्या फलकावर रोजची तिथी, राहुकाळ आणि संकष्टीचा चंद्रोदय लिहायचा आहे. हाताशी असलेल्या पंचांगातल्या वेळा मुंबईच्या आहेत.

तिथी संपण्याची वेळ भारतभर एकच. चंद्र सूर्यापासून दर १२ अंश पुढे गेला की तिथी बदलते, गाव कुठलंही असो. सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. डिसेंबरात पणजीला सूर्य मुंबईच्या सुमारे ११ मिनिटं आधी उगवतो, जूनमध्ये उलट दोन-तीन मिनिटं उशिरा. म्हणून रेखांशाच्या फरकाची ठरावीक ४ मिनिटं वर्षभर वजा करणं चूक आहे, आणि ती चूक पुष्कळ ठिकाणी दिसते.

राहुकाळ दिनमानाच्या, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेच्या, आठव्या भागाचा. सूर्योदय ६:५५, सूर्यास्त ६:०७ धरला तर एक भाग ८४ मिनिटांचा. सोमवारी दुसरा भाग, म्हणजे ८:१९ ते ९:४३. सरसकट साडेसात ते नऊ लिहिलं की भाविक चुकीच्या वेळी थांबून राहतात.

आता अडतंय ते असं. सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेचा धरावा की मध्याचा? वक्रीभवनासकट (हवेत प्रकाश वाकतो ते धरून) साडेतीन मिनिटांचा फरक पडतो, आणि तिथी नेमकी त्या फटीत संपली तर उदयतिथीच, म्हणजे सूर्योदयाला असलेली तिथीच, बदलते. एकादशीला हे फार जपावं लागतं. शिवाय दृक् (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं) आणि सूर्यसिद्धांती (जुन्या सूर्यसिद्धांत ग्रंथावरचं) अशा दोन गणितांत तिथी काही तासांनी सरकते. गोव्यातल्या देवळांत तुमचे भटजी कुठलं गणित धरतात? फोंड्याचा चंद्रोदय कसा काढता? कृपया पद्धत उदाहरणासकट सांगा.