प्रोबेशनमध्ये राजीनामा : नोटीस १५ दिवसांची की ६० दिवसांची? पगार अडवता येतो का?

सदाफुली :
पुण्यातली खासगी आयटी कंपनी, सहा महिन्यांचं प्रोबेशन, सध्या चौथा महिना. ग्रॉस ४२,०००, त्यात बेसिक २१,०००. अपॉइंटमेंट लेटरमध्ये प्रोबेशनमध्ये १५ दिवस आणि कन्फर्मेशननंतर ६० दिवस नोटीस असं स्पष्ट आहे. एचआर म्हणतंय, पॉलिसी बदलली, ६० दिवस भरा, नाहीतर पगार आणि रिलिव्हिंग लेटर दोन्ही नाही. नव्या ठिकाणी मला ९ दिवसांनी रुजू व्हायचंय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

कागदपत्र :
सही केलेलं पत्रच धरायचं. एचआरने परस्पर पॉलिसी बदलली म्हणून तुमची नोटीस ६० दिवसांची होत नाही. मात्र पत्रात 'कंपनीची वेळोवेळी बदलणारी धोरणं बंधनकारक' असं कलम आहे का, ते आधी बघा. वाद तिथूनच सुरू होतो. प्रोबेशन वाढवल्याचं किंवा कन्फर्मेशनचं काही पत्र आलं नसेल, तर चौथ्या महिन्यात तुम्ही प्रोबेशनवरच आहात.

राजीनामा तोंडी किंवा व्हॉट्सॅपवर देऊ नका. ऑफिसच्या मेलवरून मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठवा, स्वतःच्या खासगी मेलला कॉपी ठेवा. त्यात नोटीसचं कलम आणि शेवटच्या दिवसाची तारीख लिहा. नुसतं 'लवकरात लवकर सोडावं' लिहिलं की तारीख ते ठरवतात. पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, राजीनाम्यानंतर लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही.

हिशेबनीस :
१५ पैकी ९ दिवस भरले तर तूट ६ दिवसांची, तेवढ्या दिवसांचे पैसे कंपनी वसूल करते. वसुली बेसिकवर असेल तर २१,००० ÷ ३० × ६ = ४,२००, ग्रॉसवर असेल तर ८,४००. कशावर, ते पत्रातच असतं. नसेल तर बेसिकचा आग्रह धरा. त्यावर जीएसटी लावला तर हरकत घ्या, नोटीस वसुलीवर तो लागत नाही असं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

काम केलेल्या दिवसांचा पगार मात्र गिळता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (पगाराबद्दलचा नवा केंद्रीय कायदा) लागू आहे. तिच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, त्यामुळे 'फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी' या प्रथेला कायद्याचा आधार नाही. कपात एका वेतनकाळात एकूण वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. जुन्या वेतन कायद्यात २४,००० ची मर्यादा होती, तुमचा पगार तिच्या बाहेर गेला असता. आता तसं नाही.

सदाफुली :
खूप आभार. ट्रेनिंगचा १ लाखाचा बाँडही आहे, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायचा करार. त्याचं काय?

कागदपत्र :
बाँड आपोआप रद्द होत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा, ३ वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरण्याचा बाँड वैध ठरवला. पण तिथे सरकारी भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता. खासगी कंपनीला करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मागता येते, आणि १ लाख ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. ट्रेनिंग नेमकं किती दिवसांचं, बाहेरून कोणी शिकवलं, त्याची बिलं काय, हे लेखी विचारा. आठवडाभराच्या इंडक्शनला (नव्यांना कंपनीची ओळख करून देण्याला) लाखाचं ट्रेनिंग म्हणणं टिकवणं अवघड जातं. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवल्या असतील तर त्या परत मागणारा मेल वेगळा करा, राजीनाम्यात मिसळू नका.

पगार थांबलाच तर आधी लेखी मागणी, मग कामगार आयुक्त कार्यालय. संहितेखालचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो, आणि प्राधिकरण थकीत रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतं. मागणीच्या मेलमध्ये संहितेचं कलम ४५ नमूद करा, बहुतेक एचआर तिथेच नरमतात.

हिशेबनीस :
पीएफमधली 'डेट ऑफ एक्झिट' कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर तुम्हालाच टाकता येते. नव्या कंपनीला या वर्षीचा इथला पगार आणि कापलेला कर सांगा. नाहीतर दोन्हीकडे सूट धरली जाऊन मार्चमध्ये कर एकदम अंगावर येतो.