खानापूर वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपना लिनक्सवर चालणारं वायफाय कार्ड कोणतं घ्यावं?

ग्रंथपाल_खानापूर
नमस्कार. वाचनालयाला देणगीत चार लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप मिळालाय. सगळ्यांवर लिनक्स मिंट २२ टाकायचं ठरलंय, कारण मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायचंय आणि नव्या विंडोजला ही मशीन पुरत नाहीत. अडलंय ते वायफायवर. मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह (न बसवता) सुरू करून टर्मिनलात एलएसपीसीआय (आतल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं, त्यात आलेले आकडे असे:

अ आणि ब: १४ई४:४३६५, आत छोटं मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड. वायफायचा पर्यायच दिसत नाही.
क: १०ईसी:बी७२३. दिसतं, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच एखादी कांडी.
ड: इंटेल सातवी पिढी. एम.२ (नव्या पद्धतीची कार्डाची खाच) ची जागा रिकामी, अँटेनाच्या दोन वायरी तशाच लोंबताहेत.
डेस्कटॉपला वायफाय नाही.

राउटर ऑफिसात आहे. मधे चिऱ्याच्या दोन जाड भिंती. मी पाचही मशीनसाठी एकसारखे यूएसबी डोंगल घ्यायच्या विचारात होते. घेऊ का?

टिळकवाडी_टर्मिनल
पाच डोंगल घेऊ नका, ताई. एका मशीनला तर बहुतेक काहीच विकत घ्यावं लागणार नाही.

लिनक्सवर कार्ड निवडताना खोक्यावरची कंपनी बघायची नसते, आतली चिप बघायची. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असला तर कार्ड लावलं की चालतं आणि अपडेटनंतरही चालतं. ड्रायव्हर बाहेरून आणावा लागत असेल तर प्रत्येक कर्नल अपडेटला तो नव्याने बांधला जातो, आणि कधीतरी बांधणं फसलं की सकाळी वाचनालय उघडल्यावर वायफाय गायब.

अ आणि ब मधली चिप याच दुसऱ्या प्रकारातली आहे. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२. हिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, 'डब्ल्यूएल' नावाचा बंद ड्रायव्हर लागतो. मिंटमध्ये मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तिथं तो दिसेल. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर लोड होऊ न देणारं बायोसमधलं कुलूप) चालू असेल तर बसवताना पासवर्ड विचारतात आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड देऊन चावी नोंदवावी लागते. तो पडदा घाईत ओलांडला तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही. वाचनालयात रोज कोणी टर्मिनल उघडणारं नसेल तर त्यापेक्षा कार्ड बदललेलं बरं. अर्ध्या लांबीच्या मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये दोन चांगले पर्याय: अथेरॉस एआर९४६२, नाहीतर इंटेल ७२६० एचएमडब्ल्यू. अथेरॉसवाल्याला वेगळी फर्मवेअर फाइलसुद्धा (कार्डात भरायचा प्रोग्रॅम) लागत नाही, पण वेग एन (जुन्या वायफाय) पर्यंतच. इंटेलवालं एसी (त्यानंतरचं, जास्त वेगाचं) आहे. घेताना शेवटची अक्षरं वाचा: एचएमडब्ल्यू म्हणजे मिनी पीसीआय, एनजीडब्ल्यू म्हणजे एम.२. नाव तेच ७२६०, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

क चं कार्ड हात न लावता सुधारेल. ती रिअलटेक आरटीएल८७२३बीई. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हिला एकच अँटेना जोडलेली असते, आणि ड्रायव्हर नेमका दुसऱ्या, मोकळ्या टोकावर ऐकत बसतो. ईटीसीमधल्या मोडप्रोब.डी फोल्डरात एक कॉन्फ फाइल करा आणि त्यात या चिपच्या मॉड्यूलला (ड्रायव्हरला) 'अँट सेल' (अँटेना निवड) चा पर्याय २ द्या. रीबूट करा. फरक नाही पडला तर १ देऊन बघा. दोन्हींपैकी एकावर सिग्नल एकदम वर जातो.

निपाणी_सोल्डर
अ आणि ब ला कार्ड मागवण्याआधी एक तपासा की. जुन्या लॅपटॉपपैकी काहींच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही. थिंकपॅड असेल तर '१८०२', एचपी असेल तर '१०४' असा आकडा येऊन थांबतं. याचा लिनक्सशी काही संबंध नाही, तेव्हा मिंट परत टाकत बसू नका, जुनं कार्ड परत लावा. त्या दोन मेकचे लॅपटॉप असतील तर आधी मॉडेल नंबर इथं टाका. यादी असली तर त्या मॉडेलला कंपनीच्या सुट्या भागाच्या क्रमांकाचंच कार्ड शोधावं लागतं, नाहीतर डोंगल.

खोलताना: चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. वायरी काढायच्या आधी मोबाइलने फोटो घ्या, कारण मुख्य वायर काळी की पांढरी हे प्रत्येक कंपनीत वेगळं. कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. वायर धरून ओढली तर ती मुळातून सुटते आणि मग स्क्रीन उघडून अख्खी अँटेना बदलावी लागते. बसवताना बोटाने नुसतं ठेवा, गोल टोक गोलावर आलंय असं जाणवलं की मगच दाबा, टक् असा आवाज येतो. तिरकं दाबलं तर मधली पिन वाकते.

जुन्या मिनी पीसीआय कार्डाचे अँटेना कनेक्टर मोठे, एम.२ कार्डाचे बारीक. मधे ॲडॅप्टर घालून एम.२ कार्ड जुन्या जागेत बसवता येतं, पण जुन्या वायरी त्यावर बसत नाहीत. तो खटाटोप करू नका.

ग्रंथपाल_खानापूर
दोघांचेही आभार. क वर 'अँट सेल' २ दिल्यावर चार कांड्या आल्या. अ आणि ब या दोन्हींत ते दोन मेक नाहीत. आता ड साठी: खडे बाजारातल्या एका दुकानात इंटेल एएक्स २०१ स्वस्तात मिळतंय. एएक्स २०० आणि २१० त्याहून महाग सांगताहेत. खाच तर तिन्हींची सारखीच दिसते. २०१ घेऊ का? आणि डेस्कटॉपला काय?

टिळकवाडी_टर्मिनल
२०१ अजिबात घेऊ नका. फुकट दिलं तरी ड मध्ये चालणार नाही.

खाच सारखी असली तरी कार्ड अर्धंच आहे. एएक्स २०१ आणि २११ वर फक्त रेडिओचा भाग असतो, बाकीचं डोकं इंटेलच्या नव्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतं. या जोडणीला सीएनव्हीआय म्हणतात. सातव्या पिढीत ते डोकंच नाही, म्हणून कार्ड बसेल, स्क्रूही लागेल, आणि एलएसपीसीआयमध्ये ओळच येणार नाही. एएमडी मशीनलाही तेच लागू. पूर्ण कार्ड म्हणजे एएक्स २०० आणि एएक्स २१०, दोन्ही साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. २०० ला कर्नल ५.१ पासून आणि २१० ला ५.१० पासून आधार आहे. मिंट २२ मध्ये ६.८ आहे, म्हणजे कसलीच अडचण नाही. तुमचा राउटर वायफाय ६ई चा (६ गिगाहर्ट्झवाला) नसेल तर २०० पुरेसं.

ब्लूटूथ त्याच खाचेतल्या यूएसबी तारांवरून येतं. वायफाय चालून ब्लूटूथ दिसलं नाही तर कार्ड खराब समजू नका, त्या खाचेला यूएसबी जोडलेलंच नसेल.

डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेस एक्स१ ची पट्टी येते, तिच्यावर हेच एएक्स २०० किंवा २१० बसवलेलं असतं. ब्लूटूथ हवं असेल तर सोबतची बारीक केबल मदरबोर्डवरच्या ९ पिनी यूएसबी हेडरला जोडायची.

कारवार_कर्नल
डेस्कटॉप खोलायचा नसेल तर डोंगलही चालेल, पण चिप बघून. मीडियाटेक एमटी७६१२यू (०ई८डी:७६१२) किंवा एमटी७९२१एयू (०ई८डी:७९६१) असलेलं घ्या. पहिलीचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहे. दुकानात स्वतःचा लॅपटॉप नेऊन मिंट लाइव्हवर लावा, एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा) हा आकडा दिसला तरच पैसे द्या. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन चंच बघा: पहिल्या आवृत्तीत अथेरॉस एआर९२७१ होती, लिनक्सवाल्यांची लाडकी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक. खोकं तेच, आणि जुने लेख वाचून लोक अजून तेच शोधतात.

डोंगल लावल्यावर आकडा ०बीडीए:१ए२बी आला तर ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतंय, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. फाइल मॅनेजरात ती सीडी 'इजेक्ट' केली की बहुधा खरं कार्ड जागं होतं. नखाएवढी नॅनो डोंगल टाळा, अँटेनाला जागाच नसते. आणि डोंगल मागच्या यूएसबी ३ पोर्टात थेट खुपसू नका, त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. अर्धा-एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने बाजूला काढा.

आता भिंतींचं. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फार कमी पोचतं, कार्ड कितीही भारी घेतलं तरी. ऑफिसातून वाचन खोलीपर्यंत कॅट ६ केबल टाका, १०० मीटरपर्यंत चालते, आणि तिकडे एखादा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवणारा) म्हणून लावा. त्याचं डीएचसीपी (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणं) बंद करायचं आणि केबल लॅन पोर्टात घालायची, वॅनमध्ये नाही. त्याच्या २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. कार्डांच्या पैशात केबल येत असेल तर मी आधी केबल टाकेन.

ग्रंथपाल_खानापूर
केबलचं समितीपुढे ठेवते. शेवटचं एक: क वर सिग्नल पूर्ण आहे, पण पाचेक मिनिटं कोणी हात लावला नाही की पुढचं पान उघडायला फार वेळ लागतो.

निपाणी_सोल्डर
वीज बचत. ईटीसीमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरात 'डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' अशा नावाची फाइल आहे. तिच्यातली वायफाय पॉवरसेव्हची किंमत ३ आहे, ती २ करा आणि रीबूट करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. तरीही अडकलं तर याच मॉड्यूलच्या तुमच्या त्या मोडप्रोब फाइलमध्ये, अँट सेलच्याच ओळीवर, 'आयपीएस' आणि 'एफडब्ल्यूएलपीएस' हे दोन्ही ० करा. वेगवेगळ्या फाइली केल्या तर नंतर कुठं काय लिहिलं ते सापडत नाही.