युनिट कमी, तरी बिल जास्त: वीजपुरवठादाराचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न
गेल्या वर्षीपेक्षा आमच्या घरातील वीजवापर कमी झाला, तरी बिल वाढलेलेच आहे. पुरवठादाराच्या अहवालानुसार 40 टक्के क्षमता सौर व उरलेली औष्णिक आहे आणि पुरवठ्याची उपलब्धता 99.9 टक्के आहे. असे असताना इंधनाच्या नावाखाली आकार का वाढतो आणि वीज वारंवार का जाते, हे जाणकारांनी उलगडून सांगावे.

पहिले उत्तर
प्रथम बिलातील स्थिर आकार वेगळा काढावा. तारा, रोहित्रे आणि उपकेंद्रे यांचा खर्च वापर घटला तरी घटत नाही, त्यामुळे युनिट कमी झाले की प्रत्येक युनिटवर त्याचा अधिक भार पडतो. इंधन समायोजन आकार म्हणजे दर ठरवताना गृहीत धरलेला इंधनखर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरक. तो बहुधा काही महिन्यांनी वसूल होतो, म्हणून आजच्या बिलात जुनी महागाई दिसते. दोन बिलांतील दिवसांची संख्या सारखी आहे ना, हेही पाहावे. ही साधी गोष्ट बरेच जण विसरतात.

दुसरे उत्तर
खरी गफलत ‘क्षमता’ या शब्दात आहे. क्षमता म्हणजे प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो ते, प्रत्यक्षात किती देतो ते नव्हे. समजा, एकूण 100 मेगावॉटपैकी 40 सौर व 60 औष्णिक आहेत. सौर प्रकल्प वर्षभरात सरासरी 20 टक्के आणि औष्णिक 70 टक्के क्षमतेने चालले, तर सरासरी निर्मिती अनुक्रमे 8 व 42 मेगावॉट होते. म्हणजे प्रत्यक्ष युनिटांत सौर वाटा अवघा 16 टक्के. शिवाय सूर्यास्तानंतर मागणी चढते, तेव्हा साठवण पुरेशी नसेल तर इंधनच जाळावे लागते. अहवालात क्षमतेचा नव्हे, निर्मितीचा तक्ता शोधावा.

तिसरे उत्तर
99.9 टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास अंधार. हा सगळा वेळ एकाच वादळात गेला, की पाचशे वेळा मिनिटभर वीज गेली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून खंडित कालावधीचा ‘सायडी’ आणि खंडित होण्याच्या संख्येचा ‘सायफी’ हे दोन्ही निर्देशांक पाहावेत. त्यांतही पाच मिनिटांपर्यंतचे व्यत्यय बहुधा वगळले जातात, मोठ्या आपत्तीचे दिवस वेगळे दाखवले जातात आणि हिशेब सर्व ग्राहकांच्या सरासरीचा असतो. तुमची वाहिनी, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागाला वीज देणारी तार, त्या सरासरीत बुडून गेली असावी. वाहिनीनिहाय आकडे मागावेत आणि वीज गेल्या-आल्याची वेळ स्वतः टिपून ठेवावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग वीज वाचवणे निरर्थकच म्हणायचे का?

पहिले उत्तर देणारे
मुळीच नाही, वापरावरील आकार वाचतोच. मात्र स्थिर आकार मंजूर भारावर (जोडणी देताना एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घेण्याची परवानगी दिली त्यावर) ठरत असेल आणि तुमचा कमाल वापर त्याच्या बराच खाली असेल, तर भार कमी करून घेण्याचा अर्ज करावा.